पेटंटचा कायदाच मोडीत काढणारा देश : नेदरलँड्स, १८६९ ते १९१२

१५ जुलै १८६९ रोजी नेदरलँड्सने आपला पेटंट कायदा रद्द केला. त्यात दुरुस्ती केली नाही, त्याला तात्पुरती स्थगितीही दिली नाही. कायदाच मोडीत काढला. पुढची ४३ वर्षे त्या देशात कोणत्याही शोधाला नवे पेटंट मिळण्याची सोयच उरली नाही. युरोपात वीज, रसायने आणि पोलाद यांचे युग अवतरत होते, नेमका तोच हा काळ.

आज हा निर्णय विक्षिप्त वाटेल. त्या काळी तो वाटला नाही. मुक्त व्यापाराचे वारे जोरात होते आणि आयात-कर जसा, तसेच पेटंट, अशी अनेक अर्थशास्त्रज्ञांची धारणा होती : दोन्ही म्हणजे राज्यसत्तेने बहाल केलेली मक्तेदारी. पेटंटे नकोतच, असे मत १८६८ मध्ये बिस्मार्कनेही मांडले होते. स्वित्झर्लंडमध्ये तर देशव्यापी पेटंट कायदा तोवर झालेलाच नव्हता. डचांचा स्वतःचा १८१७ चा कायदाही कोणाला प्रिय नव्हता. तो सुधारण्यापेक्षा बाजूला सारणे संसदेला सोपे वाटले.

वारे मात्र लवकरच फिरले. १८७३ च्या आर्थिक अरिष्टानंतर मुक्त व्यापाराची भुरळ ओसरली, १८७७ मध्ये जर्मनीने साम्राज्यभर लागू होणारा पेटंट कायदा केला आणि डच एकाकी पडले. तरीही ते हलले नाहीत. का हलले नाहीत, याचे उत्तर कारखान्यांत सापडते.

ओस हे ब्राबांट प्रांतातले छोटे गाव. तिथे युर्गेन्स घराणे लोण्याचा व्यापार करी. फ्रान्समध्ये मेज-मूरिएस या रसायनज्ञाने १८६९ मध्ये चरबीपासून कृत्रिम लोणी, म्हणजे मार्गारिन, तयार करून त्याचे पेटंट घेतले होते. युर्गेन्सांनी १८७१ मध्ये ओसमध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. पाठोपाठ त्याच गावातले त्यांचे प्रतिस्पर्धी व्हान डेन बर्ग यांनीही तेच केले. कोणी कोणाला कोर्टात खेचू शकत नव्हते. स्पर्धा उरली ती दर, दर्जा आणि बाजारपेठ यांची. पुढे ही दोन घराणी १९२७ मध्ये एकत्र आली आणि ब्रिटनच्या लीव्हर कंपनीशी हातमिळवणी करून त्यातून युनिलिव्हर उभी राहिली. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९३२ पासून वनस्पती तूप तयार होऊ लागले ते याच समूहाचे. आजीच्या स्वयंपाकघरातल्या डालडाच्या पिवळ्या डब्याचे एक मूळ असे ओसपर्यंत जाते.

दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध. डेल्फ्टमध्ये शिकलेला अभियंता गेरार्ड फिलिप्स याने १८९१ मध्ये, बँकर असलेल्या वडिलांच्या भांडवलावर, आइंडहोव्हनमध्ये विजेच्या दिव्यांचा कारखाना काढला. (हे वडील, फ्रेडरिक, कार्ल मार्क्सचे मावसभाऊ. भांडवलशाहीच्या इतिहासाला विनोदबुद्धी आहे!) एडिसनच्या दिव्याभोवती इतर देशांत पेटंटांचे खटले रंगले होते; डच भूमीवर तो अडसर नव्हता. पण गेरार्डला नुसता नक्कल करणारा म्हणणे अन्यायाचे होईल. दिव्यातली कार्बनची तार एकसारखी आणि स्वस्त कशी बनवायची, यावर त्याने स्वतः कष्ट उपसले होते. परवान्याचा खर्च नाही, एवढ्यावर कारखाना चालत नाही.

सर्वांत गमतीची गोष्ट १८८३ ची. औद्योगिक संपदेच्या रक्षणासाठी पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याच्या मूळ ११ सदस्यांत नेदरलँड्स होता! कराराचे सूत्र असे : परकीयाला स्वकीयाइतकेच हक्क द्या. नेदरलँड्समध्ये स्वकीयालाच पेटंट मिळत नसल्यामुळे परकीयालाही काही द्यावे लागेना. डच संशोधक मात्र इतर सदस्य देशांत जाऊन खुशाल पेटंट घेऊ शकत. व्यापारचिन्हांसाठी मात्र डचांनी १८८० मध्येच कायदा केला होता. स्वतःच्या मालाचे नाव जपण्याची निकड त्यांना होती, दुसऱ्याच्या शोधाचे मोल देण्याची नव्हती. साहजिकच शेजारी त्यांना लुटारू म्हणू लागले.

हा दबाव आणि देशातल्या उद्योगांची बदललेली गरज यांतून १९१० मध्ये नवा कायदा संमत झाला आणि १९१२ मध्ये अमलात आला. मधल्या काळात देश मागे पडला का? एरिक शिफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ च्या आपल्या पुस्तकात नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड यांचा याच प्रश्नासाठी अभ्यास केला. पेटंट नसल्यामुळे औद्योगिकीकरण खुंटले असे त्याला दिसले नाही. माझ्या मते हा निष्कर्ष जपून वापरावा. शोध इतरत्र लागत होते, तिथे त्यांना संरक्षण होते. शेजारच्या सावलीत उभे राहून झाडांची गरज नाही असे म्हणणे सोपे असते. तरीही, १९७० च्या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट नाकारणाऱ्या भारताला पुढे श्रीमंत देशांनी जे धडे दिले, ते वाचताना ओस आणि आइंडहोव्हन आठवल्यावाचून राहत नाही. त्या देशांपैकी काहींनी शिडी चढून झाल्यावरच तिची मालकी सांगितली होती.

फिलिप्सने काय केले? नवा कायदा आल्यानंतर दोनच वर्षांत, १९१४ मध्ये, आइंडहोव्हनमध्ये कंपनीची स्वतःची संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. आता दुसऱ्याची पेटंटे टाळायची होती आणि स्वतःची जमवायची होती. १९८२ मध्ये सोनीसह तिने बाजारात आणलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचे उत्पादन ज्यांना करायचे होते, त्यांच्याकडून हीच कंपनी पेटंटचे शुल्क वसूल करत होती.