सम्राज्ञीचा पेला

गेल्या डिसेंबरात लंडनला भाच्याकडे मुक्काम होता. चार वाजताच अंधारून आलेले, बाहेर पावसाची पिरपिर. भाच्याने एक लहानशी बाटली पुढे ठेवली. "मामा, जन्मभर इतिहास शिकवलात, आज त्याचा एक घोट घ्या." बाटलीवर रशियाची सम्राज्ञी कॅथरीन होती. पेल्यात उतरली ती काळीभोर, काकवीसारखी संथ बिअर.

पहिल्या घोटाला करपलेल्या भाकरीचा पापुद्रा आठवला, मग कडक कॉफी, आणि मागाहून गुळाची गोडी. शंभरात दहा भाग मद्यार्क. छातीत जणू शेगडी पेटली.

कॅथरीनवरील व्याख्यान रंगवण्यासाठी या पेयाची कथा मी कॉलेजात कितीदा सांगितली होती! टेम्सच्या दक्षिण तीरावर, सदर्क भागात, थ्रेल घराण्याचा बिअरचा कारखाना होता. लंडनचे हमाल आवडीने पीत म्हणून या काळसर बिअरला 'पोर्टर' म्हणत. चित्रकार जोसेफ फॅरिंग्टनने १७९६ च्या रोजनिशीत नोंदवले आहे, की थ्रेलच्या कारखान्यातील पोर्टर सम्राज्ञीसाठी खास तयार होई. हेन्री थ्रेल १७८१ साली वारले, तेव्हा त्यांच्या मिळकतीची व्यवस्था पाहणाऱ्यांत कोशकार डॉ. जॉन्सन होते. कारखाना १,३५,००० पौंडांना विकला गेला.

"म्हणजे हीच बिअर ती प्यायली," मी समाधानाने म्हणालो.

भाचा रसायनशास्त्राचा. तो म्हणाला, "पण मामा, हा काळा रंग केव्हाचा?"

मी निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी पुस्तके काढून बसलो. पूर्वी मोड आणलेली बार्ली लाकडाच्या आचेवर तपकिरी होईतो वाळवीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात द्रवाची घनता मोजण्याचे यंत्र कारखानदारांच्या हाती आले, आणि फिकट माल्टमधून अधिक साखर निघते, हे त्यांना उमगले. फिकट माल्ट स्वस्त पडले, पण रंग गेला. तो आणण्यासाठी जळकी साखर घालू लागले. १८१६ च्या कायद्याने त्यावर बंदी आली. तेव्हा १८१७ साली डॅनियल व्हीलरने, कॉफी भाजतात तशा फिरत्या नळकांड्यात माल्ट काळे होईपर्यंत भाजण्याचे पेटंट घेतले. चिमूटभर घातले तरी पिंप काळे होई!

कॅथरीन १७९६ सालीच निवर्तली होती. माझ्या जिभेवरचा तो जळका कडवटपणा तिच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी जन्मला. तिचा पेला तपकिरी असणार. काळा रंग कर चुकवण्याच्या आणि काटकसरीच्या झटापटीतून आलेला.

सदर्कला जाऊन आलो. कारखान्याच्या जागी आता घरे आहेत.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. माझे विद्यार्थी आता पन्नाशीला आले असतील. त्यांपैकी कुणाच्या हाती हा अंक पडला, तर त्याने जुन्या वहीतली 'काळी बिअर' एवढी खोडावी, ही विनंती.