नवजात अर्भकाचे हृदयकार्य : दाब आणि प्रवाह

नवजात अर्भकाच्या हृदयकार्याची परीक्षा हा वैद्यकातील एक बिकट प्रश्न होय. रोग्याच्या तोंडून लक्षणे ऐकण्याची सोय येथे नसते. हृदय मिनिटास १२० ते १६० वेळा स्पंदन पावत असते. आणि जन्मासरशी श्वसनाचे कार्य वारेकडून फुप्फुसांकडे जात असल्यामुळे रक्ताभिसरणाची सारी व्यवस्थाच पालटत असते. फुप्फुसधमनी व महाधमनी यांना जोडणारी, डक्टस आर्टेरिओसस या नावाने ओळखली जाणारी गर्भावस्थेतील वाहिनी पूर्ण दिवसांच्या बालकात बहुधा दोन-तीन दिवसांत मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बालकात मात्र ती पुष्कळदा उघडी राहते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्टेथोस्कोप, क्ष-किरण आणि विद्युत-हृदयालेख हीच परीक्षेची मुख्य साधने होती. हृदयात नळी घालून केलेली तपासणी अधिक निश्चित असली, तरी इवल्याशा जीवास ती जोखमीची ठरे. या कोंडीतून वाट निघाली ती स्वीडनमध्ये. लुंड येथील हृदयवैद्य इंगे एडलर व पदार्थविज्ञानज्ञ कार्ल हेल्मुथ हर्ट्झ यांनी, धातूंतील दोष हुडकण्यासाठी बनविलेल्या श्राव्यातीत ध्वनीच्या उपकरणाच्या साहाय्याने, २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालींचे प्रतिध्वनी नोंदविले. पुढे या पद्धतीस इकोकार्डिओग्राफी हे नाव रूढ झाले. परंतु त्याचे आद्याक्षरी रूप विद्युत-हृदयालेखाच्या रूपाशी जुळत असल्याने व्यवहारात 'इको' एवढाच शब्द टिकला.

एडलर यांचे लक्ष मुख्यतः प्रौढांच्या झडपांकडे होते. अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या बाबतीत १९७४ साली सिल्व्हरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा होय. उघड्या वाहिनीतून फुप्फुसांकडे जादा रक्त गेले, म्हणजे ते परत येऊन डाव्या कर्णिकेस फुगविते. तेव्हा कर्णिका व महाधमनी यांच्या रुंदीचे गुणोत्तर पाहून या अपप्रवाहाचे प्रमाण अजमावता येते, असे त्यांनी दाखविले.

तथापि हे अनुमान आकारावरून केलेले होते. प्रत्यक्ष प्रवाह मोजण्यास क्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेले तत्त्व उपयोगी पडले. परावर्तित ध्वनीच्या वारंवारतेतील फरकावरून रक्ताचा वेग कळतो; त्यास वाहिनीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले, की प्रवाह निघतो.

या मापनाने एका रूढ समजुतीस धक्का दिला. रक्तदाब ठीक असला म्हणजे अवयवांस रक्त पुरेसे पोहोचते, असे गृहीत धरून उपचार केले जात. ऑस्ट्रेलियातील क्लुकोव व इव्हान्स यांनी १९९६ साली दाखविले, की कृत्रिम श्वसनावर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांत दाब व हृदयाचे उत्सर्जन यांचा संबंध दुर्बळ असतो. परंतु उत्सर्जनाच्या मापनातही एक दोष होता : डाव्या जवनिकेच्या उत्सर्जनात उघड्या वाहिनीतून जाणारे रक्त मिसळते, तर उजव्या जवनिकेच्या उत्सर्जनात कर्णिकांमधील छिद्रातून येणारे. म्हणून त्यांनी मस्तक व बाहूंकडून रक्त परत आणणाऱ्या ऊर्ध्व महाशिरेतील प्रवाह हे मान ठरविले. २००० सालच्या त्यांच्या अभ्यासात, पहिल्या दिवशी हा प्रवाह घटलेल्या बालकांत पुढे मेंदूतील रक्तस्राव अधिक आढळला.

तरीही मोजता येणे म्हणजे बरे करता येणे नव्हे. २००२ साली त्याच गटाने अल्पप्रवाहाच्या ४२ बालकांवर दोन औषधांची तुलना केली. डोपामाइनने दाब अधिक वाढला, डोब्युटामाइनने प्रवाह अधिक वाढला. परंतु मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय अंतर पडले नाही. २०११ साली अमेरिकन व युरोपीय संस्थांनी या तपासणीविषयी संयुक्त मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि ती नवजात कक्षात मान्यता पावली. दाब आणि प्रवाह या भिन्न गोष्टी आहेत, हे तिने निर्विवाद केले. घटलेला प्रवाह वेळीच कळूनही त्या बालकाचा मेंदू कसा वाचवावा, हा प्रश्न मात्र तिने अधिक स्पष्ट केला आहे, सोडविलेला नाही.