खपली परदेशी गेली, बुटका गहू इकडे आला



गेल्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि आमच्या गटातल्या एका मावशींनी पिशवीतून मूठभर खपली गहू काढून सतरंजीवर ठेवला. म्हणाल्या, "घरात पायलीभर बी उरलंय. पोरगा म्हणतो, दळून टाक आई. याला उतारा नाही, आणि कांडायचा ताप वेगळा." पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी दळायला कुणाचं मन होईना. म्हणून आम्ही गव्हाचा मागचा इतिहास वाचून काढला. तो आज तुम्हाला सांगतो.

आपल्याकडचे जुने गहू उंच वाढायचे. खत-पाणी जास्त दिलं की ओंबी जड व्हायची, काडाला भार सोसायचा नाही आणि गहू लोळायचा. त्यामुळे कितीही कष्ट केले तरी उतारा एका हद्दीपुढे जात नसे.

ही अडचण सुटली ती जपानच्या एका बुटक्या गव्हामुळे. गोंजिरो इनाझुका या पैदासकारांनी तयार केलेला 'नोरिन १०' हा वाण १९३५ साली तिथे नोंदवला गेला. उंची जेमतेम दोन फूट. १९४६ साली सॅल्मन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याचं बी अमेरिकेत नेलं. तिथे ऑरव्हिल व्होगेल यांनी त्याचा संकर केला आणि पुढे ते बी मेक्सिकोत काम करणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आलं.

बुटकेपणाचा आणि उताऱ्याचा संबंध काय? रोपात उंची वाढवणारा एक रस असतो. नोरिनच्या जनुकांमुळे रोप त्या रसाला फारसं जुमानत नाही. काड आखूड राहतं, आणि काड वाढवण्यात जाणारं अन्न ओंबीत उतरतं. खत दिलं तरी गहू उभा राहतो.

आपल्याकडे एम. एस. स्वामिनाथन यांनी या बियाण्यासाठी पाठपुरावा केला आणि १९६३ साली बोरलॉग भारतात आले. पुढे १९६५-६६ चा दुष्काळ पडला. अमेरिकेहून बोटीने आलेला गहू रेशनवर मिळायचा ते दिवस. १९६६ साली सरकारने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आणलं. १९६४-६५ साली देशात सुमारे १ कोटी २० लाख टन गहू पिकला होता. १९६७-६८ साली तो सुमारे १ कोटी ६५ लाख टनांवर गेला. पण मेक्सिकोच्या त्या वाणांचा दाणा लाल होता, आणि आपल्या लोकांना चपातीला पिवळसर दाणा लागतो. म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी त्याच घराण्यातून तशा दाण्याचे कल्याण सोना आणि सोनालिका हे वाण निवडले. परातीतली पसंतीही ध्यानात घ्यावी लागली!

आता दुसरी बाजू. तांबेरा तुम्ही पाहिलाच असेल. ही बुरशी आहे आणि ती रूप बदलते. शेताशेतात वेगवेगळे गहू असले तर एक आजारी पडतो, दुसरा तग धरतो. सगळीकडे एकच वाण असेल, तर त्याच्यावर मात करणारा तांबेरा सगळ्यांच्याच शेतात शिरतो. कल्याण सोना लाखो एकरांवर पसरला आणि काही वर्षांतच तांबेऱ्याला बळी पडू लागला. मग नवा वाण शोधायचा. त्यात प्रतिकाराचा गुण आणायचा कुठून? बहुतेक वेळा तो जुन्या वाणांमधून आणि गव्हाच्या रानटी भाऊबंदांकडून येतो.

इथे आम्ही वाचता वाचता थांबलोच. अमेरिकेतल्या मिनेसोटात स्टॅकमन नावाचे शास्त्रज्ञ होते. ते बोरलॉग यांचे गुरू. तांबेऱ्याचा प्रकार ओळखण्यासाठी त्यांनी बारा गहू ठरवले होते. कोणता आजारी पडतो, कोणता टिकतो, यावरून प्रकार कळायचा. त्या बारांत एक होता हिंदुस्थानातून गेलेला खपली, आणि त्याचं नावही तिकडे 'खपली' असंच! काळ्या तांबेऱ्याच्या बऱ्याच प्रकारांना तो दाद देत नसे. पुढे ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी त्याचा साध्या गव्हाशी संकर केला. हे काम सोपं नव्हतं, कारण साध्या गव्हात गुणसूत्रं ४२ आणि खपलीत २८. तरी जमलं, आणि त्या संकराचं नाव पडलं 'खपस्टीन'.

म्हणजे बुटका गहू इकडे आला तशी आपली खपली तिकडे गेली. एकाने पोटं भरली, दुसरीने पिकाला आजाराशी झुंजायचा गुण दिला. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं नाही. मावशींच्या मुलाने सुधारित गहू पेरावाच. घर त्यावर चालतं. पण पायलीभर खपली दळली असती, तर चार दिवसांची खीर झाली असती आणि पिढ्यांचं बी गेलं असतं.

शेवटी आम्ही असं ठरवलं: या रब्बीत तिघीजणी दोन-दोन गुंठे खपली पेरणार. तीन वेगळ्या शेतांत, म्हणजे एकीचं गेलं तरी दोघींचं राहील. कांडायला गट मिळून बसणार. एकटीवर तो भार नको.

मैत्रिणींनो, तुमच्या कणगीत, मडक्यात, राखेत ठेवलेलं जुनं बी असेल. खपली, बन्सी, बक्षी, काहीही. दुसऱ्या बियाण्यात मिसळू देऊ नका. चिठ्ठीवर नाव लिहा, कुणाकडून आलं ते लिहा, कोणत्या जमिनीत येतं ते लिहा. पुढच्या बैठकीला त्यातलं मूठभर घेऊन या. मावशींची मूठ सतरंजीवर आहेच.