सहारातील मतदारयादी

दोन संघटनांपैकी मान्यता कोणाला, हा वाद मतदानावर आला की आम्हां कामगार कार्यकर्त्यांची नजर प्रथम हजेरीपटाकडे जाते. कोणत्या तारखेचा पट धरायचा? मतदान ठरल्यानंतर भरती झालेल्यांची नावे त्यात घुसली, तर पेटी उघडण्याआधीच निकाल लागलेला असतो. श्रोतेहो, पश्चिम सहाराचा इतिहास मी याच नजरेने वाचला आहे.

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा हा वाळवंटी मुलूख १८८४ पासून स्पेनकडे होता. फॉस्फेटच्या खाणी आणि किनाऱ्यावरची मासळी, एवढेच त्याचे धन. सार्वमत घेण्याच्या विचाराने स्पेनने १९७४ मध्ये शिरगणती केली. सहारावी लोक भरले सुमारे ७४,०००. उत्तरेकडच्या मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांनी मुलखावर जुना हक्क सांगितला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ ऑक्टोबर १९७५ रोजी मत दिले, की काही टोळ्यांची सुलतानाशी निष्ठा होती खरी, पण तेवढ्याने भूमीची मालकी शाबीत होत नाही. राजांनी त्याच दिवशी कूच जाहीर केली! ६ नोव्हेंबरला साडेतीन लाख निःशस्त्र माणसांचा लोंढा सरहद्दीवर लोटला. ती माणसे काही दिवसांतच परतली. पण १४ नोव्हेंबरला माद्रिद येथे करार होऊन स्पेनने कारभार मोरोक्को व मॉरिटानिया यांच्या हवाली केला. हजारो सहारावी अल्जीरियातील तिंदूफच्या छावण्यांत गेले. स्पॅनिश नागरिकत्व निवडण्यास १९७६ मध्ये एका वर्षाची मुदत मिळाली. तंबूतल्या निर्वासिताला ती काय कामाची?

पुढे वसाहत झाली ती पगाराच्या, सवलतींच्या आणि करमाफीच्या जोरावर. पोटासाठी आलेल्या त्या गरिबांना मी दोष देणार नाही. १९९१ मध्ये पोलिसारिओ संघटनेशी युद्धविराम होऊन संयुक्त राष्ट्रांचे सार्वमत ठरले. आधार १९७४ च्या शिरगणतीचा. लगेच मोरोक्कोने आणखी हजारो माणसे आणून तंबूंत बसविली आणि तीही सहारावीच असल्याचे सांगितले. ओळख पटविण्याचे काम १९९४ मध्ये सुरू झाले. २००० च्या आरंभी सुमारे ८६,००० मतदार पात्र ठरले, तर तक्रारअर्ज आले १,३०,००० च्या वर. त्यातच सार्वमत बुडाले. याच वर्षी भारतानेही सहारावी प्रजासत्ताकाला १९८५ मध्ये दिलेली मान्यता काढून घेतली.

२००३ मध्ये जेम्स बेकर यांनी नवी योजना मांडली. आधी काही वर्षे स्वायत्तता आणि नंतर मतदान. त्यात १९९९ अखेरपासून तेथे राहणाऱ्या वसाहतवाल्यांनाही मत. पोलिसारिओने ती पत्करली. नकार आला तो मोरोक्कोकडून. आपणच वसविलेल्या माणसांपुढेही स्वातंत्र्याचा पर्याय ठेवण्यास तो तयार नव्हता.