लॉस्ट+फाउंडची गोष्ट

परवा घरच्या जुन्या लिनक्स मशीनवर फोटोंचा फोल्डर दुसरीकडे हलवत होतो आणि नेमकी लाईट गेली. मशीन परत चालू केल्यावर स्क्रीनभर प्रश्न. मी न वाचताच 'वाय' दाबत सुटलो. नंतर बघतो तर फोल्डर दोन्हीकडून गायब! शेवटी लॉस्ट+फाउंड नावाच्या डिरेक्टरीत #१३१०७५ असं काहीतरी दिसलं. आत सगळे फोटो, आपापल्या नावांसकट.

हा काय प्रकार म्हणून वाचायला बसलो, तो थेट १९७९ पर्यंत पोचलो. त्या काळी युनिक्स बरेचसे बदल आधी मेमरीत ठेवायचं आणि दर ३० सेकंदांनी डिस्कवर उतरवायचं. मधेच मशीन बंद पडलं की काम अर्धवट. तपासायला आयचेक, डीचेक असे वेगवेगळे प्रोग्रॅम होते, पण दुरुस्ती बरीचशी हातानेच. बेल लॅब्जमधल्या टी. जे. कोवाल्स्की यांनी हे सगळं एका प्रोग्रॅममध्ये आणलं : एफएससीके. पुढे बर्कलेच्या मार्शल कर्क मॅकक्युसिक यांनी १९८३ च्या ४.२ बीएसडीमधल्या नव्या फाईल सिस्टिमसाठी तो बदलून घेतला.

आतली कल्पना म्हणजे आपण कॉलेजात परीक्षेपुरती घोकलेली ग्राफ थिअरी. युनिक्समध्ये फाईलचं नाव फाईलपाशी नसतंच. मालक, साईज, ब्लॉक कुठे आहेत हे सगळं आयनोडमध्ये. डिरेक्टरीत फक्त नाव आणि आयनोडचा नंबर. म्हणजे आयनोड हे नोड आणि नावं या एजेस. एफएससीके आधी सगळे आयनोड वाचतो, मग डिरेक्टऱ्यांमधली नावं. रूटपासून जिथे पोचता येत नाही ती डिरेक्टरी अनाथ. शेवटी प्रत्येक नोडकडे येणाऱ्या एजेस मोजायच्या आणि आयनोडमधल्या लिंक काउंटशी ताळा करायचा. झालं!

माझ्याकडे जुन्या जागेवरचं नाव पुसलं गेलं होतं, नव्या जागी लिहिलं जायचं होतं. तुटली ती एकच एज. सगळ्यात वरची डिरेक्टरी लॉस्ट+फाउंडला जोडली की खालचं अख्खं झाड आपोआप परत येतं. वरचं नाव मात्र कायमचं गेलं, म्हणून तिथे नंबर.

गंमत म्हणजे पूर्वी लॉस्ट+फाउंड आधीच बनवून, त्यात फाईली भरून आणि पुसून रिकाम्या जागा करून ठेवाव्या लागत. डिस्क बिघडल्यावर कुठला ब्लॉक खरंच मोकळा आहे याचा भरवसा कोण देणार?

२००१ मध्ये ईएक्सटी३ लिनक्स कर्नलमध्ये आली आणि जर्नलमुळे दर वेळी अख्खी डिस्क तपासायची गरज उरली नाही. माझी डिस्क अजून ईएक्सटी२ वर होती, चूक माझीच.

पण खरी धडकी वेगळ्याच गोष्टीने भरली. एफएससीकेचं काम ग्राफ सुसंगत करणं. तुमचे फोटो वाचले तर तो बोनस. एकाच ब्लॉकवर दोन फाईलींनी हक्क सांगितला, तर 'साफ करू का?' असंही तो विचारू शकतो. आणि मी तर डोळे मिटून 'वाय' दाबत होतो.

असो. रविवारचा बेत ठरलाय : बॅकअप.