पिसवांची गोष्ट

मैत्रिणींनो, पिसवा झाल्या की आपण आधी कुत्र्याला हाकलतो. पण या बारक्या किड्याने महाराष्ट्राला काय दिवस दाखवले, ते आज आम्ही सांगणार आहोत.

१८९६ साली मुंबईत गाठीचा रोग, म्हणजे प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोचला. पुण्यात सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, सामान जाळलं. रोग पसरतो कसा, हे मात्र कळलं नव्हतं. सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. त्याच रोगाने १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुढच्याच वर्षी कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने आजारी आणि धडधाकट उंदीर जाळी मध्ये घालून वेगळे ठेवले. एकमेकांना स्पर्श नाही, तरी धडधाकट उंदीर मेला. जाळीपार गेली होती ती पिसू! त्याचं म्हणणं पटायला पुढे कित्येक वर्षं गेली.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले. पिसवा फार झाल्याची तक्रार गावकऱ्यांनीच आधी केली, रोगी नंतर सापडले. उंदीर मेला की पिसवा त्याचं थंड अंग सोडून माणसाकडे वळतात. म्हणून उंदीर पडले तर हात लावू नका, आशाताईंना कळवा. अशा वेळी आधी पिसवा मारायच्या, मग उंदीर.

प्लेग पसरवते ती मुख्यतः उंदरावरची पिसू. कुत्र्या-मांजरांवरची जात वेगळी, पण खोड तीच: जनावराच्या अंगावर थोड्या आणि घरात फार. अंडी, अळ्या भुईच्या भेगांत, गोणपाटात, वाकळीत असतात. कोषातली पिसू महिनोन्महिने दडून राहते आणि पावलांची चाहूल लागली की बाहेर येते. बंद घर उघडल्यावर पाय का चावले जातात, ते यावरून कळेल. आपल्या वर्ध्याच्या उन्हाळ्यात त्या कमी दिसतात, म्हणून आपण विसरतो, अन् पावसाळ्यात पुन्हा खाजवत बसतो. खरं तर वैशाखातच भेगा लिंपून घ्याव्यात. बाकी वर्षभर जनावराच्या बसायचं गोणपाट दर आठवड्याला उकळत्या पाण्यात काढावं आणि कोपऱ्यातला केर थेट चुलीत टाकावा.

कुत्र्याला औषध लावायचं ते गुरांच्या डॉक्टरांना विचारूनच. कपाशीवर फवारायचं औषध त्याच्या अंगाला चोळू नका. त्याने जनावर दगावतं, आणि त्याला कुरवाळणाऱ्या लेकराच्या तोंडातही ते जातं.