मधली शांतता: झुबीन मेहता आणि ब्रुकनरची नववी सिंफनी

मंडळी, १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्याच वर्षी मुंबईतला अठरा वर्षांचा एक पारशी मुलगा डॉक्टरकीची वाट सोडून संगीत शिकायला व्हिएन्नाला गेला. तो म्हणजे झुबीन मेहता. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक; १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता.

घरात ध्वनिमुद्रिका भरपूर. पण त्या ७८ गतीच्या तबकड्या! चार-साडेचार मिनिटं झाली, की बाजू संपली. आपल्या अब्दुल करीम खाँसाहेबांना तीन-साडेतीन मिनिटांत राग आटोपावा लागे. तिकडे सिंफनीचे तुकडे पडत. म्हणजे या मुलाच्या कानाला एक विराम लहानपणापासून ठाऊक होता, तबकडी उलटण्याचा. यंत्राने लादलेला.

१९६५ मध्ये, वयाच्या २९व्या वर्षी, याच झुबीनने डेक्का कंपनीसाठी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर ब्रुकनरची नववी सिंफनी ध्वनिमुद्रित केली. आता लाँग प्ले तबकडी आली होती. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं सलग मिळत.

ही सिंफनी अपुरी आहे. चौथा भाग पुरा होण्याआधीच, १८९६ मध्ये, ब्रुकनर गेले. त्यामुळे तिसरा, संथ भाग हाच शेवट ठरतो. त्यात एका ठिकाणी सगळा वाद्यवृंद चढत चढत एका कर्कश, न सुटणाऱ्या स्वरसमूहावर येतो आणि थांबतो. काहीच वाजत नाही. मग अगदी हळू पुन्हा सुरुवात होते.

आता बघा, वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेत संचालकाचा स्वतःचा एकही सूर नसतो. मग तिच्यात त्याचं काय असतं? मला वाटतं, ही शांतता. ती स्वरलिपीत लिहिलेली असते हे खरं. पण ती नेमकी किती वेळ धरायची, हे त्याच्या हातात असतं. इथे विराम यंत्राचा राहिला नाही, माणसाचा झाला.

आपला हा सगळा पट्टा भोंग्यावर आणि पाळ्यांवर चालतो. आपलं थांबणंसुद्धा दुसऱ्याने ठरवलेलं. मी तरी वेगळं काय केलं? आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं; विद्यार्थ्याचा प्रश्न संपायच्या आत उत्तर देत आलो. त्यातल्या कितींना स्वतः विचार करायला क्षणभर हवा होता, हे आता कळून काय उपयोग?

असो. तो शेवटचा भाग आता लावतो. वाद्यं थांबली, की लगेच टाळ्या वाजवू नका. अजून संपलेलं नसतं.